बुधरीची वीत

हे घडलेलं आहे. ज्याला खोटं वाटतं त्यानं इथंच थांबावं. मला कोणाची मनधरणी करायची नाही.

भुतं रात्रीच निघतात असं म्हणणाऱ्यांनाही सांगतो... हे भरदुपारी घडलं.

साल १९५६, डिसेंबर. चांदा जिल्हा, एटापल्लीच्या पुढचं जंगल. मी बावीस वर्षांचा, चौथी शिकलेला, गोंडी बोलणारा. नागपूरचे गद्रे साहेब चावी भरली की घरघरत चालणारा फिल्मचा कॅमेरा घेऊन आले होते. दर महिन्याला एक फेरी करून जंगलाची फिल्म काढायची. मी त्यांचा दुभाषी.

"काम नीट कर, कायमचा लावून घेतो," साहेब म्हणाले होते.

मला ती नोकरी पाहिजे होती. माझी लाज तिथूनच सुरू होते.

एका गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली दगड उभे होते. माणूस मेला की त्याच्या नावाचा दगड उभा करायचा, ही तिथली रीत. दगड वाढला तर मेलेला सुखात. खचला तर नाही.

सगळ्यात नवा दगड कोलूचा. त्याची म्हातारी आई बुधरी रोज यायची आणि दगड वितेनं मोजायची. ती गोंडीत बोलायची, मी माझ्या बोलीत लिहितो.

"चार वीत," ती म्हणाली. "याले हात नको लावू भाऊ. फोटोबी नको काढू. एक पावसाळा बसू दे त्याले."

"काय म्हणते?" साहेबांनी विचारलं.

"हो म्हणते," मी म्हणालो.

बुधरी पाण्याला गेली. दगड सावलीत होता, साहेबांना ऊन पाहिजे होतं. मी आणि ड्रायव्हर मुखरूनं पहार घालून दगड उपटला आणि पाच पावलं उन्हात नेला. साहेबांनी तेही टिपलं.

"काऊन बे, एवढा जड?" मुखरू धापा टाकत म्हणाला. "माणूस उचलल्यावानी लागून राह्यला."

"तोंड बंद ठेव, उचल."

काम झालं. साहेबांनी कॅमेरा बंद केला.

घरघर बंद झाली नाही...

साहेबांनी कॅमेरा कानाला लावला. कॅमेरा गप्प होता.

आवाज खड्ड्यातून येत होता... घशात काही अडकल्यासारखा.

मी काय केलं? त्या आवाजावर दगड लोटून पुन्हा उभा केला. माती दाबली. वर पाला पसरला.

जानेवारीत गेलो. बुधरी दगडापाशी बसली होती.

"तीन वीत," ती म्हणाली. तिनं माझा हात धरला. "कोणाचा हात लागला असंन तं सांग भाऊ. मी नाई रागावत. कोंबडं कापू, गावजेवण देऊ, पुन्हा उभा करू त्याले. पन ज्यानं हलवला त्यानं खरं बोलावं लागते. त्याबिगर तो उठत नाई."

एक शब्द. फक्त एक शब्द पाहिजे होता.

साहेब मागंच उभे होते; कोंबडं, गावजेवण निघालं असतं तर माझं 'हो म्हणते' उघडं पडलं असतं.

"नाई बाई," मी म्हणालो. "कोनीच नाई हलवला."

फेब्रुवारीत दोन वीत. तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.

मार्चमध्ये दगड नव्हता. खड्डाही नव्हता. सपाट जमीन... आणि तिच्यावर पालथा हात ठेवून बसलेली बुधरी.

या वेळी तिनं काहीच विचारलं नाही.

मे महिन्यात नागपूरला साहेबांच्या घरी चादरीवर फिल्म पाहिली. मी आणि मुखरू दिसलो. कंबरेत वाकलेले, ओझ्यानं तोंडं वेडीवाकडी झालेली, चार हात ताणलेले...

हातांत काहीच नव्हतं.

"धुताना बिघडली," साहेब म्हणाले. तो तुकडा त्यांनी कापून टाकला.

जूनमध्ये मला नोकरी लागली. तिच्यावर लेकरं वाढवली. तो घास मला गोड लागला नाही असं म्हणालो, तर तेही खोटंच होईल.

५९ साली हिंमत करून एकटाच गेलो. बुधरी मेली होती. सपाट जमिनीला लागून तिच्या नावाचा दगड होता. डोक्यावर ऊन होतं, आसपास कोणी नव्हतं. मी मोठ्यानं गोंडीत सगळं सांगितलं.

पाखरं थांबली...

मग माझ्या टाचेला एक अंगठा टेकला. करंगळी वर सरकली. एक वीत. पुन्हा अंगठा. गुडघ्यामागं. कंबरेवर. पाठीवर...

सात विती. सातवी डोक्यावर संपली.

मागं वळून पाहिलं. धुळीत फक्त माझीच पावलं.

तेव्हापासून कधीकधी दुपारी तो हात येतो. मी जिथं असेन तिथं उभा राहतो. मोजू देतो. पुढं पुढं मोजणी सहावर थांबायला लागली. मग पाचवर. उंची माझी तेवढीच आहे, धोतरही तेवढंच लागतं. पण पाचव्या वितेनंतर हात थांबतो... जणू त्याच्या वर मी नाहीच.

ज्यानं हलवला त्यानं खरं बोलावं, असं ती म्हणाली होती. जिवंतपणी तिला सांगितलं नाही. म्हणून आता सगळ्यांना सांगतोय.

हे लिहितानाच पाणी प्यायला उठलो. बाहेर लख्ख ऊन आहे. टाचेला अंगठा टेकला...

चार.