लाकडं आणायला गेलेला

खोटं वाटत असेल त्याने इथे बेनिनला, आमच्या आबोमेला यावं. सागबो मास्तरच्या अंगणात ती मोळी अजून पडली आहे. चुलीत घालायची कुणाची छाती होत नाही.

गोष्ट गेल्या वर्षी वाळवंटातली धूळ घेऊन वारा येतो त्या दिवसांतली. शनिवार होता. ठिकाण दूर उत्तरेचं पाराकू, तिथली शिक्षण परिषद.

सागबो जुळ्यांतला; हे नाव आमच्यात जुळ्यांतल्या धाकट्यालाच ठेवतात. त्याच्या आधी जन्मलेला झिन्सू रांगायच्या वयातच...

नाही. जुळ्याबद्दल तो शब्द आमच्यात उच्चारत नाहीत. म्हणायचं, रानात लाकडं आणायला गेलाय. त्याच्या नावाचा लाकडी बाहुला करून जवळ बाळगायचा. आधी त्याला घास, मग आपल्याला.

सागबोने जन्मभर हे पाळलं. पाराकूला निघताना मात्र बाहुला फळीवरच ठेवला.

"झिन्सूला एकटं टाकून चाललास?" आई कडाडली.

"आई, तिथे मोठमोठी माणसं येणार. त्यांच्यासमोर खिशातल्या बाहुल्याला भरवू? हसतील मला."

"हसू दे की! हसण्याने काय अंगाला भोकं पडतात?"

छोटी हुएफा त्याच्या पायाला बिलगली. "बाबा, लवकर या हं." या लेकीवर त्याचा भारी जीव.

परिषदेत दुपारच्या जेवणाला शेजारी बिओ गुरुजी बसले होते. पाराकूचेच, गप्पिष्ट माणूस.

"सागबो म्हणजे जुळे की तुम्ही! मग जोडीदार कुठाय?"

शिकल्यासवरल्या माणसांत रानाची आणि लाकडांची गोष्ट कशी सांगायची? सागबोला लाज वाटली.

"तो मेला," तो म्हणाला. "लहानपणीच."

आणि...

ठक्.

"कुणी लाकडं फोडतंय का?" सागबोने विचारलं.

"इथे सगळा स्वयंपाक गॅसवर आहे, मास्तर. ऊन लागलं वाटतं तुम्हाला!"

दुपारच्या भाषणातही तेच. ठक्... ठक्... बाकीचे मान खाली घालून लिहीत होते. सागबोच्या नाकात ओल्या लाकडाचा वास भरला होता.

दिवस कलला...

आणि आवाज थांबला.

ते जास्त वाईट होतं. त्याने घाईघाईने घरी फोन लावला.

बायको, सेनामी, हसतच बोलली. "अहो, अंगणात बसून फोन कसले करताय?"

"अंगणात? मी पाराकूला आहे."

"पुरे हं चेष्टा! आत्ताच आलात की. डोक्यावर ही एवढी थोरली मोळी! मास्तर माणसाला शोभतं का?"

सागबो ताडकन उभा राहिला. "हुएफा कुठाय?"

"तुमच्याच मांडीवर..."

तिचा आवाज एकदम बारीक झाला.

"अहो... मग हा कोण?"

"तिला उचल! आत जा! दार लाव!"

तेवढ्यात फोनमध्ये तिच्या मागून पुरुषाचा आवाज आला.

सागबोचाच आवाज.

"कुणाचा फोन गं?"

फोन बंद पडला.

पुन्हा लागलाच नाही. बस सकाळपर्यंत नव्हती. बिओ गुरुजींनी मोटारसायकलवाल्यांच्या हातापाया पडून पाहिलं, पण इतक्या लांब कोण येणार? सागबो बसथांब्यावर फोन उराशी धरून बसला. लेक त्या दुसऱ्याच्या मांडीवर आणि बाप इथे. काहीच करता येत नव्हतं. तो ढसाढसा रडला.

दुसऱ्या दिवशी घरी पोचला, तर सगळे जिवंत. सेनामीच्या अंगात ताप होता. ती सांगते, त्या माणसाने हुएफाला आपल्या हाताने भरवलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि फाटकातून निघून गेला. तिला हाक मारता आली नाही, हलताही आलं नाही.

फळीवरचा बाहुला नाहीसा झाला होता.

आईने एवढंच विचारलं, "काय बोललास रे तू तिकडे?"

नवा बाहुला कोरून घेतला, विधी केले. रोज त्याच्यापुढे घास ठेवतात. घास तसाच सुकतो.

हेही एक वेळ सोसलं असतं. पण हुएफा...

ती सागबोला पाहून आईच्या मागे लपते. संध्याकाळ झाली की फाटकाशी जाऊन बसते. परवा माझ्यासमोरच सागबो तिच्याजवळ गेला.

"बाळा, चल आत. मी आहे ना."

तिने त्याच्याकडे पाहिलं. परक्या माणसाकडे पाहावं तसं.

"तुम्ही काका ना?" ती म्हणाली. "बाबा लाकडं आणायला गेलेत."

तिला खोटं पाडायची हिंमत आमच्यापैकी कुणालाच झाली नाही.