मृदंगाच्या कणकेतला बुश

या, जरा जवळ सरका. सतरंजी मोठी आहे, गोष्ट लहान आहे. जीपचं इंजिन बदलल्याची गोष्ट म्हटलं तर तुम्ही तोंड वाकडं कराल. पण तिच्यात मृदंग आहे, टाळ आहे, आणि दोन दमलेली माणसं आहेत. दमलेल्यांचं प्रेम धावत येत नाही, बरं का. ते हळूच येतं आणि विचारतं — थोडं टेकू का इथं?

तर, नांदेडच्या शिवप्पा महाराजांची लेक रुद्राणी. शाळेत शिक्षिका. आठवडाभर पोरं, वह्या, खिचडी, वरून मागवलेल्या माहित्या. सुट्टी आली की वडिलांना शिवकीर्तनाच्या गावी नेणं. महाराजांचे गुडघे गेलेले, एसटीची पायरी चढवत नाही. जुनी जीप हेच त्यांचे पाय, आणि ते पाय चालवायचे रुद्राणीनं. तिला नको होतं असं नाही. फक्त, तू दमलीस का, असं कुणी विचारत नव्हतं.

फाल्गुनातली दुपार. अहमदपूरकडून परतताना लोह्याजवळ जीप एकदा खोकली आणि गप्प झाली. मागच्या बाकावर महाराज पेंगत होते. रुद्राणीनं बॉनेट उघडलं. उघडण्यापलीकडं तिला काही येत नव्हतं. पण बंद बॉनेटसमोर उभं राहून रडणं बरं दिसत नाही.

एक मोटारसायकल थांबली.

“पाणी संपलं का?”

“कुणाचं? माझं की गाडीचं?”

त्यानं तिच्याकडं नीट पाहिलं. पिशवीतून बाटली काढून पुढं केली. “आधी तुमचं.”

इतकंच. पण ते कोमट पाणी तिनं बाटली रिकामी होईपर्यंत प्यायलं…

त्यानं तेल पाहिलं, पट्टा फिरवून पाहिला, मान हलवली. “इंजिन गेलं, मॅडम.”

“कुठं?”

“जिथून कुणी माघारी येत न्हाई तिथं.”

मागून महाराजांनी एक डोळा उघडला. “ए बाबा, ते कीर्तनातलं वाक्य आमचंय. तू का म्हणून राहिलास?”

तो सुगत. रेल्वेच्या ऑफिसात बाबू. दिवसभर फायली, आणि जीव सगळा घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. तिथं तो जुन्या गाड्या उघडायचा, जोडायचा, पुन्हा उघडायचा. जीपचं इंजिन दुरुस्तीपलीकडं गेलं होतं. त्यानं त्याच कंपनीच्या पिकअपचं, त्याच जातीचं डिझेल इंजिन शोधलं, आरटीओची परवानगी काढायला लावली, आणि रविवारची कामं सुरू झाली.

रुद्राणीचं काम टॉर्च धरणं आणि पाने देणं.

“चौदाचा पाना.”

“हा घ्या. शाळेतही मी हेच करते. मागेल त्याला मागेल ते देते, आणि थँक्यू कुणी म्हणत नाही.”

“थँक्यू.”

“आता म्हणून काय उपयोग!”

सुगतची आई सरजाबाई चहा आणून ठेवायची. “उभी का पोरी? टेक की जरा.” एकदा रुद्राणी खरंच टेकली. चाकाला पाठ लावली आणि डोळा लागला. जाग आली तेव्हा पंख्याचं तोंड तिच्याकडं फिरवलेलं होतं, आणि तो जीपखाली घामानं निथळत पडला होता. तिनं उठून पंखा फिरवला — अर्धा त्याच्याकडं, अर्धा आपल्याकडं.

“अजून पडा की थोडं,” खालून आवाज आला.

“तुम्ही कधी पडता?”

“पडलेलोच हाय की मी!”

साखळीच्या कप्पीनं जुनं इंजिन निघालं. नवं बसवायला जुने टेकू कापून वेल्डिंगनं पुढं सरकवावे लागले. पंखा रेडिएटरला घासू लागला, ते निस्तरलं. एका रविवारी अवकाळीच्या सरी पत्र्यावर ताडताड वाजल्या. बोलणं ऐकू येईना, म्हणून दोघं नुसतेच एकमेकांकडं बघत उभे राहिले…

शेवटी उरला एक पितळी बुश, म्हणजे छोटंसं कडं. इंजिन नवं, गिअरबॉक्स जुना, दोघांची मापं जुळत नव्हती. मधे बसवायला लेथवरून खास करून आणलेला. अंगठीहून जरा जाड.

“एवढासा?” रुद्राणीनं तो हातात घेतला.

“एवढासा हाय म्हणून दोघं एका रेषेत राहतात. न्हाईतर ओढाताण.”

तिनं सहज बोटात घालून पाहिला. अनामिकेत सैल, अंगठ्यात घट्ट. सुगतनं पाहिलं, आणि नजर खाली घातली. “पुढच्या रविवारी बसवतो. मग झालं.”

“झालं?”

“झालं… गाडी तयार.”

त्या संध्याकाळी घरी पोचल्यावर तिला दिसलं, बुश तिच्या पर्समध्ये होता. आपोआप आला असेल का? नाही हो. मृदंगाच्या डाव्या अंगाला कणीक लावतात, म्हणजे आवाज घुमतो. त्या कणकेचा डबा कोनाड्यात होता. तिनं त्या पिठात बुश खोल खुपसला. शिवनाम घेणाऱ्या घरातली मुलगी! पण एक रविवार, बसवण्णा, फक्त एकच रविवार…

पुढच्या रविवारी सुगतनं शेड पालथी घातली. तीही त्याच्यासोबत टॉर्च धरून बाकाखाली वाकली.

“मिळेल हो,” ती म्हणाली.

“न्हाई मिळाला तर?”

“तर पुढचा रविवार.”

“लई वाईट होईल,” तो म्हणाला, आणि हसला.

घरी आली तर महाराज फोनवर होते. दोन दिवसांनी बसव जयंती. शिरूर अनंतपाळला दरवर्षी त्यांचंच कीर्तन. “दुसरा महाराज बघा, बाबा,” ते सांगत होते. “आमचे पाय अजून शेडमध्येच हायत.” हसले, फोन ठेवला. मग कडक इस्त्रीचं उपरणं उलगडलं, पुन्हा घडी घातली आणि ट्रंकेत ठेवलं. भिंतीकडं तोंड करून जयंतीचं कीर्तन हलक्या आवाजात म्हणू लागले.

रुद्राणी कोनाड्याकडं धावली. कोनाडा रिकामा.

“गुरुबसप्पानं नेलं की मृदंग, डबा, सगळं,” महाराज म्हणाले. “शिरूरला वाजवायचंच हाय त्याला, कीर्तन कुणाचं का असंना.”

मृदंगी गुरुबसप्पा लातूरला राहायचे. त्यांचा फोन लागेना. सुगतला सांगावं म्हणून तिनं त्याचा नंबर लावला, आणि रिंग जायच्या आत कापला. काय सांगणार होती?

जयंतीच्या सकाळी दारात हॉर्न वाजला. जीप! धडधडत उभी. सुगतचे डोळे जागून लाल झालेले, कपाळावर काळं ऑइल. “महाराज, पाय आणलेत. जयंतीचं शिरूर चुकवत न्हाई, तुम्हीच म्हणाला होता ना; फोन करा, निघालोय म्हणून.”

महाराजांनी ट्रंक उघडली.

रस्त्यात रुद्राणीनं हळूच विचारलं, “बुश मिळाला?”

“दुसरा होता. लेथवाल्यानं तेव्हाच दोन करून दिले होते.”

“मग रविवारी का नाही बसवला…?”

त्यानं गिअर बदलला. नजर रस्त्यावर. “गाडी झाली असती ना.”

तिचे कान तापले. मागं महाराज झोपले होते — किंवा तसं दाखवत होते.

शिरूरच्या मंडपात गुरुबसप्पांनी पिठात पाणी घालून मळायला घेतलं आणि थबकले. “महाराज, कणकेत हे काय? मोटारीची वस्तू दिसून राहिली!”

पिठानं माखलेलं पितळ सगळ्यांपुढं चमकलं. सुगतनं ते घेतलं, रुमालानं पुसलं, आणि रुद्राणीकडं पाहिलं.

“तुम्ही माझ्यासंगं शोधत होता की!”

“हाव.”

“टॉर्च धरून!”

“हाव म्हटलं ना!”

“का?”

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “गाडी झाली असती ना…”

सुगतला हसू आवरेना. पण महाराज हसले नव्हते. “रुद्रा, माझे पाय कणकेत पुरलेस व्हय?”

“चुकलं, अप्पा.” तिचे डोळे भरले.

“चुकलंच.” ते थोडा वेळ तिच्या चेहऱ्याकडं बघत राहिले, किती दिवसांनी नीट बघत होते कोण जाणे. “पण माझे पाय ओढता ओढता तू किती दमलीस, ते मी कधी इचारलं न्हाई. ते माझं चुकलं.” मग त्यांनी टाळांची जोडी उचलून सुगतपुढं धरली. “धर.”

सुगत मागं सरला. “महाराज, आधीच सांगतो. आमच्या घरी बुद्धवंदना असते. मी देवापुढं हात जोडत न्हाई.”

“हात जोड कोण म्हणालं? टाळ धर, अन् माझ्या मागं उभा राहा. बसवण्णांनी कुणाला उंबऱ्यावर ठेवलं न्हाई, हे मी जन्मभर सांगून राहिलो. आज सांगताना मागं वळलो, तर कुणी दिसलं पाहिजे.”

कीर्तन उभं राहिलं. सुगतचा टाळ पहिल्या ठोक्यालाच चुकला. शेजारी टाळ धरलेल्या रुद्राणीनं हळूच त्याच्या मनगटाला बोट लावून ठेका दिला. तिच्या अंगठ्यात त्यानं परत दिलेला पितळी बुश होता, कडेला अजून पीठ.

“आता रविवारी काय करायचं?” तो गजरात कुजबुजला.

“काही नाही. नुसतं बसू.” मग प्रथमच, ‘अहो-जाहो’ सोडून — “मी लई दमलेय, सुगत.”

“मीपण. मग जन्मभर बसू का?”

आता टाळ तिचाही चुकला. पुढं महाराजांनी क्षणभर मागं वळून पाहिलं, आणि आवाज चढवला.

दोघांचं लग्न झालं, साधंच. त्या जीपनं पुढं कितीतरी गावं पाहिली. रुद्राणी शेजारी बसून झोपायची, गाडी सुगत हाकायचा. गेल्या श्रावणात शिवप्पा महाराज शिवचरणी लीन झाले. तुम्ही कधी लोह्याच्या वाटेनं गेलात, आणि म्हाताऱ्या जीपमधून तरण्या इंजिनाचा आवाज आला, तर हात हलवा. आणि महाराजांची एवढी आठवण ठेवा — जे पुढं सांगितलं, ते खरं करायला मागं वळून पाहणारा माणूस होता तो.