बाबांच्या गाडीवरचं ओलं कुंकू

ही गोष्ट मी रचलेली नाही. पटत नसेल त्याने शुगर लँडला यावं, गाडी दाखवते.

मागच्या आठवड्यातली भर दुपार. रात्र नाही, अमावास्या नाही. टेक्ससचं कडकडीत ऊन.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांची जुनी गाडी आमच्या गॅरेजमध्ये उभी आहे. टेम्परेचरचा काटा मेलेला.

केदार, माझा नवरा, म्हणाला, "आश्लेषा, बस झालं यार! इंजिन तापलं तर कळणारही नाही. उद्या टो-ट्रक बोलावलाय. जाऊ दे भंगारात."

"आणि काटा हलला तर?"

"तर ठेव."

झालं! मी हट्टालाच पेटले.

एक सेन्सर मी आधीच बदलला होता. काटा ढिम्म. म्हणजे काट्याचा सेन्सर वेगळा होता. पण कुठे?

केदार ऑफिसला गेल्यावर बॉनेट उघडून शोधत बसले.

अचानक एसीची घरघर थांबली...

टक... टक...

इंजिनातून. पाना आपटल्यासारखं. बिघाड शोधताना बाबा असंच ठोकून बघायचे.

"कोण आहे? मी घाबरत नाही हां!"

खोटं.

आवाजाच्या दिशेने टॉर्च मारला. रेडिएटरच्या जाड नळीमागे...

कुंकवाचा टिळा.

दसऱ्याला बाबा बॉनेट उघडून आतल्या एकेका पार्टलाही कुंकू लावायचे. आई चिडवायची, "अहो, इंजिनाचं लग्न आहे का?" ते टिळे कधीच काळे पडलेत.

हा लालभडक होता. बोट लावलं...

ओला.

आणि ठसा बोथट. बाबांच्या अनामिकेचं टोक फॅन बेल्टमध्ये गेलं होतं.

टिळ्याखालीच सेन्सर होता. वायर निसटलेली. बसवली, गाडी सुरू केली. काटा हळूहळू चढला आणि मधोमध थांबला. मी ढसाढसा रडले. मग टो-ट्रक कॅन्सल केला.

केदार म्हणतो, कुंकू तूच लावलंस. म्हणू दे!

त्यानंतर रोज आमच्या इशिताला मी त्याच गाडीने, हायवेवरून, डे-केअरला सोडलं.

आज निघताना पुन्हा...

टक... टक...

बॉनेट उघडलं. नवा टिळा. ओला, बोथट.

ब्रेक ऑइलच्या डब्यावर.

डबा जवळजवळ रिकामा होता.

केदारला सांगितलेलं नाही. ब्रेक मी दुरुस्त करून घेईन. गाडी विकणार नाही म्हणजे नाही.

पण इशिताची कार सीट मात्र मी काढून ठेवलीय.