डावीकडची खुर्ची

मेंदूत रक्ताची गुठळी अडकली आणि बाबांच्या जगाची डावी बाजूच गेली. डोळे ठणठणीत, पण डावीकडचं काही मेंदूत शिरेना. ताटातला उजवा अर्धा भाग संपवून "आज एवढंच?" म्हणून कुरकुरायचे. दाढीही अर्धीच करायचे. जन्मभर घरांचे नकाशे काढलेला, इंचाचा फरक खपवून न घेणारा माणूस हा!

डॉक्टरांनी पेप्टाइडची इंजेक्शनं सुचवली. "प्रथिनांचेच छोटे तुकडे असतात. मेंदूत नव्या पेशी तयार व्हायला मदत होईल असं वाटतंय. चाचणीच चालू आहे, हमी देत नाही." फिजिओताईंनी लेकीला बजावलं, "तुम्ही कायम डावीकडेच बसायचं. मान वळेपर्यंत पिच्छा सोडायचा नाही."

लेक हट्टाला पेटली. रोज चार वाजता कामावरून थेट येऊन डावीकडच्या लाकडी खुर्चीत बसायची. अडीच महिने बाबांनी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. ती हाक मारायची आणि ते उजवीकडच्या भिंतीला उत्तर द्यायचे. तिला रडू यायचं, रागही यायचा. त्यांच्या लेखी आपण उरलोच नाही की काय, या विचाराने तिचा जीव तुटायचा.

मग ताट पूर्ण संपू लागलं. एके दुपारी बाबांनी चक्क डावीकडे पाहिलं आणि नमस्कार केला. पण नजर तिच्या डोक्याच्या वीतभर वर. नव्या पेशी, चुकायच्याच, असं तिने मनाला समजावलं.

दोन दिवसांनी म्हणाले, "वजन कमी कर गं जरा."

"का? तुमच्या डोक्यावर बसलेय का मी?"

"माझ्या नाही."

तिने हसण्यावारी नेलं.

शुक्रवारी फिजिओताईंनी कागद-पेन्सिल दिली. "काका, ही खोली काढा बघू."

मुरलेला हात झरझर चालला. खिडकी आली, कपाट आलं. पेन्सिल मध्यावर घुटमळली आणि डावीकडे गेली. खुर्ची उमटली. खुर्चीत ती उमटली, अगदी नाकावर घसरलेल्या चष्म्यासकट.

"बाबा! मी दिसले तुम्हाला!" तिला रडू कोसळलं.

"न दिसायला काय झालं?"

पेन्सिल चालूच होती. तिच्या कमरेभोवती बाबांनी दोन हात काढले. मागून आलेले, बोटं एकमेकांत गुंतवलेली.

"हे कुणाचे?"

"त्यांचे." बाबांनी एक रेघ खोडून नीट केली. "इतके दिवस त्यांच्याच मांडीवर बसतेस ना?"

फिजिओताई हसायला गेल्या, पण हसू फुटलं नाही.

लेक उठायला गेली.

"अगं, घाई नको," बाबा हळूच म्हणाले. "आधी त्यांना हात तर सोडू दे."