ताटाच्या कडेची तिरफळं

खानावळीत एकच खुर्ची रिकामी होती, आणि ती त्याच्यासमोर होती. जानकी परबला भूक लागली होती, घाई त्याहून जास्त होती. तिने विचारलंसुद्धा नाही, सरळ बसली.

समोरचा माणूस बांगड्याचं तिखलं असं काही रंगून जेवत होता, की बघणाऱ्यालाच संकोच वाटावा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, डोळे अर्धे मिटलेले. मन लावून जेवणारा माणूस वाईट नसतो, असं जानकीचं एक पक्कं मत होतं. ते ती समोरच्याला लावून बघत होती, तेवढ्यात त्याने रश्शातली दोन तिरफळं उचलली आणि...

“अहो, ती चावू नका—”

कुड्डुम!

तिरफळ रश्शात टाकायचं ते वासासाठी. जेवताना ते ताटाच्या कडेला काढून ठेवायचं, हे मालवणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. चावलं तर जीभ, ओठ, हिरड्या, सगळं बधिर. समोरच्याचे डोळे आधी विस्फारले, मग भरून आले.

“आवशीक खाव!” तो पुटपुटला, आणि आपण कोणासमोर शिवी घातली हे लक्षात येऊन लाल झाला. “सॉरी...”

“मालवणी येता तुमका? आणि तिरफळ चावतास?”

“मूळचो देवगडचो. सात वर्सां नाशकात आसंय. वास इलो आणि... भान गेला.”

“देवगडच्या माणसान तिरफळ चावला!” जानकीला हसू आवरेना. “घरी कळला तर रेशनकार्डावरना नाव काढतीत.”

खानावळवाल्या कृष्णाबाईंनी लांबूनच कपाळावर हात मारला. “अरे मेल्या, काय केलंस ह्या! घे, सोलकढी पी.”

त्याने घोट घेतला. चेहरा कोराच. “पाणी लागतंय,” तो शुद्ध मराठीत, शुद्ध भीतीने म्हणाला. मग घड्याळ पाहिलं. “तीन वाजता काम आहे माझं.”

“बोलायचं?”

“नाही. त्याहून... अवघड.”

त्याने तिच्याकडे असं बघितलं, की जानकी घास घ्यायचाच विसरली. मग घाई आठवून ती भात संपवून उठली. तिच्या बाटल्या बर्फात होत्या.

तारकर्लीच्या खाडीकाठच्या हॉटेलात त्या दुपारी सिंधुदुर्गातल्या पाच वाइन करणाऱ्यांचं चाखणं होतं. कोकम, जांभूळ, करवंद, देवगडच्या दत्तप्रसादकाकांची हापूस, आणि जानकीची बोंडूची, म्हणजे काजूच्या फळाची. यातली एकच वाइन हॉटेलच्या टेबलांवर वर्षभर जाणार होती. कोणती, ते नाशिकहून येणारा जाणकार चाखून सांगणार होता.

जानकीचं मात्र हॉटेलपेक्षा जास्त काहीतरी पणाला लागलं होतं. धामापूरला तिच्या वडिलांची, विठोबांची, काजूची बाग. काजू विकायचा आणि बोंडू झाडाखाली कुजू द्यायचा, ही पिढ्यांची रीत. त्या कुजणाऱ्या बोंडूंतून जानकीने वाइन केली तेव्हा अर्धं गाव हसलं. पिकतं तिथं विकत नाही, तसलाच प्रकार. विठोबा हसले नाहीत. ते म्हणाले, “एक वरस दिलंय तुका. परक्या जाणत्या माणसान बरी म्हटल्यान, तर बाग तुझी. नाय तर नाशकाची नोकरी धर.” नाशिकच्या वाइन कंपनीतल्या नोकरीचं पत्र तिच्या पिशवीत होतं. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

वाइन चांगली आहे याबद्दल जानकीला तिळमात्र शंका नव्हती. आपल्याला काय करता येतं हे तिला नेमकं माहीत होतं, आणि हे माहीत असणं तिला शोभूनही दिसायचं.

तीन वाजता जाणकार आले. पांढरा शर्ट. बाह्या आता खाली. “हे देवेश गावकर,” हॉटेलच्या मॅनेजरने ओळख करून दिली.

जानकी थिजली. समोरच्या कागदावर क्रम होता: हलकी वाइन आधी. म्हणजे पहिली तिचीच.

देवेशने तिला पाहिलं आणि तोही क्षणभर थिजला. मग त्याने पेला उचलला, उन्हात धरला, वास घेतला. शेवटच्या खुर्चीत विठोबा पुढे वाकून बसले. “बोंडवाची काय चव बघतलास!” दत्तप्रसादकाका मिश्किलपणे म्हणाले. “पयल्या घोटात घसो धरतलो.”

देवेशची जीभ लाकडासारखी झाली आहे, हे तिथे जानकीशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. त्याने नुसतं “छान” म्हटलं असतं तरी तिचं काम झालं असतं. पण तिच्या मनाने त्या एका श्वासात निर्णय घेतला. हा आता खोटं गोड बोलला, तर बाग मिळेल, पण या माणसाकडे मी पुन्हा वळून बघणार नाही. आणि बघायची तर तिला फार इच्छा होती.

देवेशने पेला न पिताच खाली ठेवला.

“मंडळी, माफ करा. दुपारी मी दोन तिरफळं चावली. मला आत्ता मीठ आणि साखर यांतला फरकसुद्धा कळणार नाही. तासभर थांबाल का?”

असा हशा पिकला, की माडावरचे कावळे उडाले. “आणि म्हणे देवगडचो झील!” दत्तप्रसादकाका डोळे पुसत म्हणाले.

जानकी हसली नाही. ती हॉटेलच्या स्वयंपाकघरात गेली आणि कोमट पेजेचा वाडगा घेऊन खाडीच्या धक्क्यावर आली. तो तिथे एकटाच बसला होता, पाय पाण्यावर सोडून.

“घ्या. औषध नव्हे, पण तोंड निवेल.”

“तुम्ही सांगितलं का नाही त्यांना?”

“तुम्ही सांगता का, ते बघत होते.”

तो पेज पीत राहिला. वाऱ्याने तिची बट उडून डोळ्यावर आली; त्याचा हात किंचित उचलला गेला आणि शहाण्यासारखा परत वाडग्यावर गेला. जानकीने ते पाहिलं. दिसलं नाही असं दाखवलं.

“तुमचं नाव मी आधी वाचलंय,” तो म्हणाला. “नाशिकला माझ्या शेजारचं टेबल रिकामं आहे. तुमच्यासाठी. पण तुमचं उत्तर येत नाही.”

“सोमवारी येईल.”

“कशावर ठरणार?”

“तुमच्या जिभेवर,” ती म्हणाली. “वाइन आवडली तर मी धामापुरात. नाही आवडली, तर तुमच्या शेजारी.”

त्याने पेजेचा वाडगा खाली ठेवला.

“आणि एक,” जानकी उठत म्हणाली. “वशिलो नको, दयाही नको. खरा काय ता सांगा.”

तासाने त्याने पुन्हा पेला उचलला. या वेळी घोट घेतला, डोळे मिटले. अगदी खानावळीतल्यासारखे. सगळे वाट बघत होते, बोंडूचा तुरटपणा कधी घशाला धरतो याची. तो धरेचना. देवेशने डोळे उघडले, पेल्याकडे पाहिलं, जानकीकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

“पेज?”

“उकड्या तांदळाची,” जानकी म्हणाली. तिची मान ताठच होती. “रसात ओतायची आणि निवळू द्यायचा. सगळो तुरटपणा तळाक बसता.”

त्याने बाकीच्या चारही वाइन तितक्याच मन लावून चाखल्या. हापूसवर तर दोनदा परत आला. मग उठून म्हणाला, “टेबलावर बोंडूची ठेवा. अशी मी आजवर चाखलेली नाही.”

“चेडवा, जिंकलंस गो,” दत्तप्रसादकाकांनी तिच्या पाठीवर थाप मारली. विठोबा उठून लेकीजवळ आले. “बाग तुझी,” एवढंच म्हणाले, आणि डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखे पंच्याने डोळे पुसत राहिले.

लोक पांगले. जानकी बाटल्या आवरत असताना देवेश शेजारी येऊन उभा राहिला.

“वाईट म्हटली असती, तर सोमवारनंतर रोज दिसली असतीस.” तो “तू”वर कधी आला, ते त्यालाही कळलं नसावं.

“मग म्हणायचं होतं.”

“मनात इला होता. पेलो हातात असतानाच इला. पण खोटा बोललंय असतंय, तर तुझ्या शेजारी बसाक तोंड खंय होता माका?” तो थांबला. शुद्ध मराठी त्याला आता मुळीच सापडत नव्हती. “जानकी... माका तू आवडलंस. खानावळीत हसलंस ना, तेव्हाच.”

तिचंही उत्तर तयार होतं. शब्द अगदी ओठांवर होते. पण एवढ्या सहज देऊन टाकेल ती जानकी कसली!

“फाल्गुनात बोंडू पडतात,” ती बाटली गुंडाळत म्हणाली. “पहाटे वेचायचे असतात. माणसं कमी पडतात.”

“मी सुट्टी काढतंय. येतलंय.”

“बघू. आधी उद्या जेवायला ये. त्याच टेबलावर.”

दुसऱ्या दिवशी कृष्णाबाईंनी दोन ताटं आणून ठेवली. बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी. देवेश घास घेणार, तोच जानकीने त्याचं ताट आपल्याकडे ओढलं. रश्शात बोटं घालून एकेक तिरफळ शोधलं आणि आपल्या ताटाच्या कडेला काढून ठेवलं. पाच, सहा, सात. मग ताट परत सरकवलं.

कृष्णाबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. “काय गो जानके, तेची तिरफळां तू काढतंस? ल्हान पोर काय तो?”

“ल्हान नाय, काकी,” जानकी शांतपणे भात कालवत म्हणाली. “माझो आसा.”

देवेशने कसाबसा घास तोंडात घातला. आज त्याने एकही तिरफळ चावलं नव्हतं, तरी त्याला चव कळेना.