न अडखळणारं पुस्तक

शाल्मलीची चिठ्ठी हातात पडली तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती, आणि डॉ. हेमांगी केळुसकरला तिच्यातलं एक अक्षरही लागेना.

हेमांगी रत्नागिरीच्या सड्यावरच्या, कातळाच्या पठारावरच्या, वाचन-संशोधन प्रयोगशाळेची प्रमुख. प्रयोगशाळेच्याच आवारात पहिलीतल्या चाळीस मुलांची शाळा होती, आणि त्या चाळिसांत तिची स्वतःची मुलगी शाल्मली.

"मधल्या सुट्टीनंतर ती वर्गात आलीच नाही," वर्गशिक्षिका शेट्येबाई धापा टाकत सांगत होत्या. "बाकावर तिचं पुस्तक होतं, त्यात हा कागद. सगळीकडे हाका मारल्या. शिपाई कड्याकडे गेलेत."

कड्याकडे! हेमांगीनं कागद उलटसुलट करून पाहिला. "पण हे नुसतं गिरगटलंय, बाई."

"गिरगटलेलं नाही," बशीर मुकादम म्हणाला. मुलांच्या हातातलं अनुकूली पुस्तक, वाचणाऱ्याप्रमाणे स्वतःची पानं बदलणारं यंत्र, त्यानंच घडवलं होतं. "ओळी सरळ आहेत, ताई. हे चिन्ह बघा, तीनदा आलंय, तिन्ही वेळा हुबेहूब. हे लिहिलेलं आहे."

"कुठल्या लिपीत?"

बशीरनं मुख्य संगणकावर शाल्मलीच्या पुस्तकाची साठवलेली पानं उघडली. चिठ्ठीतलीच चिन्हं पडद्यावर ओळीनं उभी होती. त्यानं दुसऱ्या मुलाची पानं उघडली, मग तिसऱ्याची. तिन्हींचं एकमेकांशी काही जुळेना.

"आपण पुस्तकाला एकच नियम दिला," तो सावकाश म्हणाला. "मूल अडखळता कामा नये. पुस्तकाचा नेत्रवेधक मुलाच्या बुबुळांवर नजर ठेवतो. नजर थांबली की पुस्तक तो शब्द बदलतं. आधी सोपे शब्द घातले. जूनमध्ये आपण अक्षरांचं वळणही बदलायची मुभा दिली, केसभर."

"केसभरच ना?"

"रोज केसभर, ताई. आठ महिने. मूल पुस्तकाकडे सरकायच्या ऐवजी पुस्तकच मुलाकडे सरकत गेलं. आता प्रत्येक मुलाची लिपी वेगळी आहे."

"आणि बाईंना काहीच कळलं नाही?"

"मी डोकावायचे तेव्हा सगळं नीटच दिसायचं हो," शेट्येबाई रडकुंडीला आल्या.

हेमांगीनं शाल्मलीचं पुस्तक ओढून घेतलं. समोर धरलेला मजकूर पुस्तक वाचून आपल्या पानावर उतरवत असे. तिनं चिठ्ठी त्याच्यापुढे धरली. पानावर क्षणभर काहीतरी उमटलं, विरलं, मग दुसरंच ठळक झालं: 'आई, मला कंटाळा आला. मी घरी जाते. काळजी करू नको.'

तिनं ते एका दमात वाचलं. लगेच तिनं शेजारच्या पाटणकरकाकूंना फोन लावला. काकूंनी जाऊन पाहिलं. दाराला कुलूप होतं. वाटेवरही कुणी नव्हतं.

"बघू," म्हणत बशीरनं पुस्तक हातात घेतलं, चिठ्ठी पुन्हा पुढे धरली आणि मोठ्यानं वाचलं, "'मी लपून बसले आहे. मला शोधा.'"

हेमांगीनं पुस्तक मिटलं.

"तुला काय वाटत होतं, बशीर? मनात?"

"की पोरगी कुठेतरी लपली असेल." तो चिठ्ठीकडे वळला. "ज्या शब्दाला तुमची नजर दचकली, तो पुस्तकानं काढून टाकला. दुसरा घातला. नजर अडखळेनाशी होईपर्यंत घालत राहिलं. बाईंनाही म्हणूनच सगळं नीट दिसायचं."

म्हणजे खऱ्या चिठ्ठीत हेमांगीची नजर दचकेल असं काहीतरी होतं.

"कागदावर छाप," ती ओरडली. "जूनपासूनची तिची पानं. शाई काही बदलत नाही."

बशीरनं पानं छापली. ती जमिनीवर पसरून हेमांगी त्यांच्यात गुडघ्यांवर बसली. जूनमधला 'क' चांगला ओळखीचा होता. ऑगस्टमध्ये त्याचा दांडा झिजला होता, डिसेंबरात उरला होता नुसता एक आकडा. भाषाशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेली बाई बिगरीतल्या मुलासारखी एकेक अक्षर लावू लागली. "पि... पि... ल्लू." मध्येच चुकली, मागे गेली, पुन्हा लागली. "टा... की... त."

तिथे ती थांबली. पुढचं अक्षर बघायचं धाडस होईना.

"पडलं," बशीरनं खांद्यावरून वाचलं. "मी... उ... तरते."

"टाकी!" शेट्येबाई किंचाळल्या. "मागची, जमिनीखालची! धुवायला रिकामी केली होती. चारला आपोआप पाणी सुटतं तिच्यात!"

चारला सात मिनिटं कमी होती. बशीर पंप बंद करायला पळाला. टाकीचं लोखंडी झाकण अर्धवट सरकलेलं होतं. हेमांगी वाकली. आत मिट्ट काळोख.

"शाल्मली!"

आधी मांजराच्या पिल्लाचं बारीक ओरडणं आलं. मग, "आई, शिडी मोडली. किती हाका मारल्या मी!"

वर काढल्यावर ती आईला घट्ट बिलगली. घोटा सुजला होता, बाकी सगळं धड होतं.

त्याच आठवड्यात चाळीसही पुस्तकं बंद झाली. मग प्रयोगशाळेनं चाळीस वेगवेगळ्या अंकलिप्या कागदावर छापल्या. प्रत्येक अंकलिपी त्या-त्या मुलाच्या अक्षरांपासून निघून, पानापानानं सगळ्यांच्या अक्षरांपर्यंत येणारी.

शाल्मलीनं आपली उघडली. पहिली दोन पानं झरझर वाचली. तिसऱ्या पानावर थबकली आणि वाट बघत राहिली. पान तसंच. तिनं ते हलवून पाहिलं, डोळ्यांजवळ नेलं.

"आई, हे माझ्याकडे बघतच नाहीये. मेलंय का ते?"

हेमांगीनं तिला मांडीवर ओढलं. आपल्याच मुलीच्या डोळ्यांतली ती भीती तिला टाकीतल्या काळोखाहून खोल वाटली.

"नाही गं, बाळा," ती म्हणाली. "ते असंच असतं. अडखळ तू. मी आहे इथे."