पंचेचाळीस पाचशे

राउटर बंद पडला म्हणून एवढी तोंडं पाडून बसू नका. या इकडे, सरकून बसा. इंटरनेटसाठी फोन लावावा लागायचा, हे तुम्हाला कुणी सांगितलंय का? खरोखरचा फोन. नंबर फिरवायचा, पलीकडून किंचाळल्यासारखा आवाज यायचा, आणि मग तासन्‌तास ती लाइन अडकलेली. मुलगा इंटरनेटवर, आणि बाप बाहेरून घरी फोन लावून लावून लाल.

मी तेव्हा टेलिफोन एक्सचेंजमध्ये बॅटऱ्यांवर होतो. वीज गेली तरी फोन चालू राहिले पाहिजेत, एवढंच माझं काम. आणि ज्याची ही गोष्ट आहे तो आमचा इंजिनिअर. लाइन तोडण्यात त्याचा हात असा चालायचा की सगळे त्याला कात्री म्हणायचे. तोंडावरसुद्धा. त्याला ते आवडायचं.

तर फेब्रुवारीतल्या एका दुपारी हा कात्री एका सहीसाठी निघाला. टायपिंगच्या मास्तरांची सही.

झालं होतं असं, की साधा माणूस फोनवर बोलतो तीन मिनिटं, फार तर पाच. आमचं एक्सचेंज तेवढ्याच अंदाजानं बांधलेलं. इंटरनेटवाले बसायचे दोन-दोन तास. रात्री साडेदहाला दर निम्मे झाले की सगळे एकदम तुटून पडायचे. मग कुणी डॉक्टरला बोलवायला रिसीव्हर उचलावा, तर टोनच नाही. वरून हुकूम आला, की इंटरनेटचे फोन वेगळे काढा, त्यांना ओळीनं तीस नंबर द्या. प्रत्येक नंबरामागे एक मोडेम, म्हणजे आपोआप फोन उचलणारी पेटी. लोकांनी पहिलाच नंबर फिरवायचा. तो अडकलेला असला की फोन दुसऱ्यावर, तिसऱ्यावर असा सरकत जायचा.

कात्रीनं पंचेचाळीस पाचशेपासून पुढचे तीस निवडले. त्यातले एकोणतीस रिकामे होते. पहिला मास्तरांचा होता.

दुसरे तीस शोधता आले असते. दोन दिवसांचं काम होतं. त्याला त्याचा कंटाळा होता.

मास्तर एकटे राहायचे. पुढच्या खोलीत टाइपरायटरची रांग, क्लास केव्हाच बंद पडलेला. कोपऱ्यात जुना काळा फोन, रिसीव्हरला कानाशी सात भोकं असलेला. त्यांनी नंबर बदलायचा फॉर्म वाचला आणि बाजूला ठेवला. आठ वर्षांपूर्वी त्यांची मुलगी भांडून घर सोडून गेली होती. पुन्हा तोंड दाखवू नकोस, असं हेच म्हणाले होते. ती कुठे आहे, ते त्यांना माहीत नव्हतं. पण महिन्या-दोन महिन्यांनी एक फोन यायचा. पलीकडून कुणी बोलायचं नाही, नुसता श्वास. हेही बोलायचे नाहीत. मिनिटभरानं फोन ठेवला जायचा.

"हा नंबर सोडून तिच्याकडे माझं काही नाही, साहेब," मास्तर म्हणाले.

कात्रीनं सांगितलं, काळजी करू नका. जुन्या नंबरवर सहा महिने नवा नंबर ऐकवणारी टेप लावतो. मास्तरांनी सही केली.

टेप कुठली लागायला? त्या नंबरावर आता मोडेम बसणार होता, आणि मोडेम फक्त किंचाळतो. कात्रीला ते ठाऊक होतं. परत येऊन त्यानं आम्हाला हसत हसत सांगितलं. मीही हसलो... हे सांगितलं पाहिजे, म्हणून सांगतो.

एप्रिलमध्ये मास्तर ऑफिसात आले. त्यांनी स्वतः जुना नंबर लावून पाहिला होता. शांतपणे विचारलं, माझ्या नंबरावर कोण ओरडतं? कात्री म्हणाला, यंत्र आहे, तिथे माणूस नाही, मी काय करू? त्यानंतर मास्तर कधी आले नाहीत. पण त्यांच्या नव्या नंबरावरून जुन्या नंबराला दिवसभर फोन जायचे. वीस, तीस, चाळीस. आम्हाला पडद्यावर दिसायचं.

ऑक्टोबरात एकदा तोच फोन एक्कावन्न तास चालू राहिला. मोडेमनं खरं तर मिनिटभरात सोडून द्यायला हवा होता. सोडला नव्हता. कात्रीनं तो तोडला आणि जेवायला गेला. संध्याकाळी कळलं. शेजाऱ्यांनी दार फोडलं, तेव्हा मास्तर खुर्चीत होते. रिसीव्हर कानाला तसाच.

मधल्या काळात त्यांच्या मुलीचा फोन आला होता का, कुणालाच माहीत नाही. आला असेल तर तिनं काय ऐकलं असेल, ते तुम्हीच समजा.

आता ती रात्र. सतरा नोव्हेंबर एकोणीसशे नव्व्याण्णव, बुधवार. रात्रपाळीला आम्ही दोघंच. कात्रीची बायको नर्स होती, तीही त्या रात्री ड्यूटीवर. घरी त्याची दहा वर्षांची मुलगी आणि त्याची म्हातारी आई. मुलगी रोज दहाला झोपायच्या आधी बाबांना फोन करायची. त्या रात्री फोन आला नाही. झोपली असेल, कात्री म्हणाला.

अकराला दहा मिनिटं होती. कात्री पडद्यावर अडकलेल्या लाइनी बघत होता. पहिल्या लाइनवर एक फोन पन्नास मिनिटं चालू होता. कुठून आलाय ते त्यानं पाहिलं.

त्याच्याच घरून.

त्याच्या घरी कॉम्प्युटर नव्हता.

आम्ही मोडेमच्या खोलीत गेलो. तीस पेट्या, तीस लाल दिवे, सगळे लुकलुकणारे. पहिला तेवढा स्थिर. कात्रीनं लाइन तपासायचा फोन जोडला आणि कानाला लावला. मला त्याचा चेहरा दिसत होता. त्यानं काय ऐकलं, ते त्यानं मला नंतर एकदाच सांगितलं.

आधी खरखर. मग त्याच्या मुलीचा आवाज. आजी उठू नये म्हणून हळू बोलत होती.

"दप्तर भरलं. आता?"

"अगं, मी इथे आहे," कात्री म्हणाला. "कुणाशी बोलतेस तू?"

तिला ते ऐकू गेलं नाही.

मग दुसरा आवाज. थकलेला. शांत.

"आता बूट घाल, बाळा."

"बाबा, तुमचा आवाज असा का येतोय?"

"लाइन खराब आहे."

कात्री पडद्याकडे धावला. फोन तोडला. दिवा तसाच. परत येऊन त्यानं तारा उपटल्या. दिवा तसाच. मी पेटीची वीज काढली. माझ्या या हातांनी काढली. वायर माझ्या हातात लोंबत होती...

दिवा तसाच.

कात्रीनं पुन्हा फोन कानाला लावला. मुलीचा आवाज नव्हता. दार उघडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. आणि मग, अगदी कानाशी...

"आता तुम्ही बसा, साहेब. फोनजवळ."

तो पळाला. खाली स्कूटर सुरू झालेली मी ऐकली. मी त्या खोलीत एकटा. तो फोन टेबलावर पडलेला. मला उचलायचा नव्हता. उचलला. काही नव्हतं. नुसता श्वास. कुणीतरी वाट बघत असावं, तसा.

मी बोललो नाही.

अकरा वाजून सतरा मिनिटांनी दिवा विझला.

कात्री घरी पोचला तेव्हा दार सताड उघडं होतं. आई आत झोपलेली. रिसीव्हर जागेवर. मुलगी गल्लीच्या टोकाला सापडली, मोठ्या रस्त्यावर, अंधारात चालत निघालेली. पाठीला दप्तर. पायात बूट. एक हात थोडा वर उचललेला, मूठ मिटलेली... कुणाचं तरी बोट धरल्यासारखी.

त्यानं तिला उचललं. ती रडली नाही. मागे वळून बघत राहिली.

"बाबा, तुम्ही तर पुढे चालत होतात," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कात्रीनं ते तीसच्या तीस नंबर बदलले. दोन दिवसांचं काम दुपारपर्यंत उरकलं. पंचेचाळीस पाचशे पुन्हा कुणालाच दिला नाही. महिन्याभरात त्यानं बदली मागून घेतली. गेला तेव्हा त्याला कुणी कात्री म्हणत नव्हतं. त्यानं पुन्हा घरात फोन घेतला नाही. मोबाइल आले, तरी नाही.

ती मुलगी आता मोठी झाली आहे. गेल्या वर्षी मला भेटली. चांगली नोकरी करते, हसतमुख आहे. त्या रात्रीचं तिला काही आठवत नाही म्हणाली. बोलता बोलता तिनं उजव्या कानावरचे केस मागे घेतले, आणि मला दिसलं.

कानावर सात ठिपके होते. मधोमध एक, भोवती सहा. डाग म्हणावेत तर फार नेटके. त्या रात्रीनंतरच्या सकाळपासूनच आहेत, ती म्हणाली. दाबून धरलेल्या रिसीव्हरचे वळ असतील, जातील, असं डॉक्टर म्हणाले होते. गेले नाहीत.

कात्रीच्या घरचा फोन मीच काढून आणला होता. त्याच्या रिसीव्हरला भोकं नव्हती. तीन फटी होत्या.